डायकास्ट सुपरहिरो फिगर जमवताना: आधी कपाट, मग काटा, मग खरेदी

सांगली, मिरज, सातारा, कऱ्हाड या पट्ट्यात डायकास्ट, म्हणजे वितळलेला धातू साच्यात दाबून घडवलेल्या, सुपरहिरो फिगर जमवणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या आहेत. मेटल म्हणून घेतलं ते प्लास्टिक निघालं. पावसाळा संपल्यावर रंगाखाली बारीक फोड दिसले. वजनाने काचेची फळी तडकली. तिन्हींच्या मुळाशी क्रमाची चूक आहे. बहुतेक जण आधी खरेदी करतात, मग ठेवायला जागा शोधतात आणि तपासायचं काम पैसे गेल्यावर आठवतं. खालचे टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने करा. यातली बरीच कामं बिनखर्चाची आहेत, पण पुढेमागे झाली की महागात पडतात.

टप्पा १: काय जमवायचं ते आधी लिहून काढा

दुकानात किंवा मोबाइलवर बघण्याआधी वहीत तीन गोष्टी लिहा: आकार, प्रकार आणि वरची मर्यादा.

आकार म्हणजे स्केल, खऱ्या मापाच्या तुलनेत फिगर किती पट लहान ते. १/६ मापाची फिगर साधारण ३० सेंटिमीटर, म्हणजे १२ इंच उंच असते. १/१२ ची सहा इंचांच्या आसपास भरते. जाडा टॉइजच्या मेटलफिग्ज मालिकेत ४ इंची आणि अडीच इंची फिगर मिळतात, आणि नॅनो म्हणून १.६५ इंचाच्याही आहेत. चार इंची बॅटमॅनशेजारी बारा इंची आयर्न मॅन ठेवला की दोघंही चुकीचे दिसतात. कपाटाच्या फळ्यांमधलं अंतरही मग कुठलंच धड राहत नाही. सुरुवातीला एकच माप धरा.

प्रकार म्हणजे स्थिर की सांधेवाली. मेटलफिग्ज जवळजवळ सगळ्या स्थिर असतात, हात-पाय हलत नाहीत. हॉट टॉइजच्या आयर्न मॅनमध्ये सांधे, दिवे, बदलायचे हात असं सगळं असतं, आणि मॉडेल क्रमांकात डी आला की ती डायकास्ट मालिका समजायची. उदाहरणार्थ, एमएमएस१९७-डी०२ हा मार्क ४२. मात्र डायकास्ट लिहिलं म्हणजे पूर्ण फिगर धातूची असं नाही. सांधेवाल्या फिगरमध्ये काही भाग धातूचे आणि बाकीचे प्लास्टिकचे असतात, आणि त्यात फसवणूक काही नाही. फसवणूक तेव्हा, जेव्हा विकणारा ‘फुल मेटल’ म्हणतो.

नवीन माणसाने स्थिर, छोट्या फिगरपासून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. सांध्यांची देखभाल नाही, सेल नाहीत, आणि खरी-खोटी ओळखायला हात लवकर बसतो.

तपासा: वहीत “मार्वल आणि डीसी, सगळं” असं लिहिलं असेल तर पान फाडा आणि पुन्हा लिहा. एक पात्र, एक मालिका किंवा एक माप, यातलं काहीतरी एक पक्कं हवं.

टप्पा २: कपाट खरेदीच्या महिनाभर आधी तयार ठेवा

सगळ्यात जास्त नुकसान या टप्प्यावर होतं, आणि ते लगेच दिसत नाही.

बहुतेक डायकास्ट फिगर जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात. त्याला झमाक म्हणतात. त्यात जस्ताबरोबर साधारण ४ टक्के ॲल्युमिनियम, थोडं मॅग्नेशियम आणि कधी तांबं असतं. जस्ताला आम्ल चालत नाही, आणि आम्ल म्हणजे बाटलीतलंच असं नाही. नवीन प्लायवूड आणि एमडीएफमधून आम्लाची वाफ हळूहळू बाहेर पडत राहते. बंद कपाटात ती साचते, दमट हवेत धातूवर बसते, आणि जिथे रंगाला बारीक चीर असेल तिथून आत शिरते. नंतर पांढरी भुकटी दिसते ती तिथलीच.

म्हणून लाकडी शोकेसपेक्षा ॲल्युमिनियम सेक्शन आणि काचेचं कपाट चांगलं. तुमच्याकडे जो फॅब्रिकेटर खिडक्या करतो तोच हे करून देतो. पण त्याला एक गोष्ट आधी सांगा. काच बसवायला तो जे सिलिकॉन वापरेल ते ‘न्यूट्रल’ असू दे. साधं सिलिकॉन सुकताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, आणि तो वास म्हणजेच ॲसेटिक आम्ल. ते वापरून झालं असेल तर वास पूर्ण जाईपर्यंत दारं उघडी ठेवा आणि आत काहीही ठेवू नका. महिनाभर आधी म्हटलं ते यासाठी.

जागा निवडताना:

पश्चिमेची बाहेरची भिंत टाळा. आपल्याकडे पावसाचा मारा त्याच बाजूने येतो. साताऱ्यात, त्यातही मेढा, पाटण, महाबळेश्वरच्या अंगाला, ही भिंत जुलैत आतूनही ओली लागते. कपाट आतल्या भिंतीला, आणि मागे चार बोटं जागा सोडून.

देवघर आणि स्वयंपाकघरापासून लांब. धुपाचा धूर आणि फोडणीची वाफ एकत्र बसली की चिकट थर होतो, आणि तो नुसत्या कुंचल्याने निघत नाही.

खिडकीतून थेट ऊन येत असेल तर ती जागा बाद. लाल आणि निळा रंग उन्हाने उडतो, म्हणजे स्पायडर-मॅन आणि सुपरमॅन दोघांचंही काम झालं.

सांगलीत नदीकाठच्या भागात तळमजल्यावर राहत असाल तर सगळ्यात खालची फळी रिकामीच ठेवा. यावर शेवटच्या टप्प्यात लिहिलंय.

काचेची फळी किती जाड? जस्ताचं मिश्रण पाण्याच्या साडेसहा पटींहून जड असतं, त्यामुळे मूठभर फिगरचंही वजन लक्षात येण्याइतकं होतं. तीन फुटी फळीला ५ मिलिमीटरची काच मी घालू देणार नाही. ८ मिलिमीटरची टफन्ड घ्या, किंवा मधे आणखी एक आधार द्या.

तपासा: फिगर ठेवण्याआधी प्रत्येक फळीवर पाच किलो तांदळाची पिशवी रात्रभर ठेवा. सकाळी पट्टी आडवी धरून बघा. मधे झोल दिसला तर आधार वाढवा.

इशारा: कपड्यांच्या कपाटासारख्या डांबर गोळ्या इथे टाकू नका. त्यांच्या वाफेने काही प्रकारची प्लास्टिकं मऊ पडतात, आणि धातूच्या फिगरलाही प्लास्टिकचा पाया, केप किंवा पारदर्शक भाग असतोच.

टप्पा ३: साहित्य एका डब्यात गोळा करा

०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा. विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसं सोन्या-चांदीच्या गलाई धंद्यासाठी देशभर गेलेली आहेत. घरात कुणी त्या व्यवसायात असेल तर त्यांचा काटा मागून घ्या, आणि पाण्यातलं वजनही त्यांच्याकडूनच शिका. शिवाय एक चांगलं लोहचुंबक, शिवायचा दोरा, काचेचा मोठा ग्लास, मेकअपचा मऊ कुंचला, कापसाचे बड, बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी, सुती कापड आणि भिंग. हवेतला दमटपणा दाखवणारा हायग्रोमीटर ऑनलाइन स्वस्तात मिळतो, तो आजच मागवा. सिलिका जेल (दमटपणा शोषणारे दाणे) मागवताना रंग बदलणारी घ्या, म्हणजे ती भिजली ते कळतं.

टप्पा ४: पैसे देण्याआधीची तपासणी

नवीन माल दुकानातून किंवा मोठ्या वेबसाइटवरून घेत असाल तर पाकिटाचा मागचा भाग आधी वाचा. आयात केलेल्या मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश आणि एमआरपी असलेला स्टिकर लागतो. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. मोठ्यांसाठीच्या संग्राह्य फिगरवर वयाची अट छापलेली असते, ती बघा. मेटलफिग्जच्या पाकिटावर एम अक्षरापुढे क्रमांक असतो. तो क्रमांक आणि आतलं पात्र जुळतंय का ते इंटरनेटवरच्या फोटोंशी ताडून बघा.

वर्णनातले शब्द नीट वाचा. ‘मेटॅलिक’, ‘मेटल फिनिश’, ‘डायकास्ट स्टाइल’ हे शब्द रंगाबद्दल आहेत, धातूबद्दल नाहीत. ‘अलॉय’ लिहिलं असेल तर विचारा, कुठला भाग अलॉयचा? वजन ग्रॅममध्ये विचारा. खरा विकणारा काट्यावर ठेवून फोटो पाठवतो.

जुना माल एखाद्या व्यक्तीकडून घेताना एवढं मागा: तळव्याचा किंवा पायाचा जवळून फोटो, म्हणजे कॉपीराइटची ओळ आणि कंपनीचं नाव दिसेल. मान, काख, गुडघे अशा अरुंद जागांचे फोटो. आणि शेजारी आजची तारीख व तुमचं नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवून एक फोटो. दुसऱ्याचे फोटो चोरून विकणारा इथेच थांबतो.

अरुंद जागांचे फोटो कशासाठी? वाईट प्रतीच्या जस्तात शिसं मिसळलेलं असेल तर धातू आतून फुगतो आणि त्याला जाळीदार भेगा पडतात. याला झिंक पेस्ट म्हणतात, म्हणजे जस्ताची कीड. त्यावर उपाय नाही. रंग देऊन भेगा झाकता येतात, पण त्या थांबत नाहीत. अशी वस्तू निम्म्या किमतीलाही घेऊ नका.

परदेशातून मागवायचा मोह होतो, कारण तिकडची किंमत कमी दिसते. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. त्यावर इतर कर, आणि कुरिअरचं भाडं. धातू जड, शिवाय खोका मोठा असेल तर बऱ्याच कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर त्यावर पैसे लावतात. हा सगळा हिशोब कागदावर झाल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

इशारा: यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. “रिफंड देतो, पिन टाका” असं कुणी म्हणालं की व्यवहार तिथेच बंद. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. तासाभरात केलेली तक्रार आणि दोन दिवसांनी केलेली तक्रार यात फार फरक पडतो.

टप्पा ५: पार्सल फोडणे

व्हिडिओ सुरू करा आणि मग कात्री हातात घ्या. क्रम असा: खोक्याच्या सहाही बाजू, पत्त्याचं लेबल, टेप, मग कापणे. व्हिडिओ मधे थांबवू नका, कारण तुकड्यातुकड्यांचा पुरावा विकणारा मानत नाही.

पावसाळ्यात खोका बाहेरून ओलसर असेल तर फिगर लगेच कपाटात ठेवू नका. पंख्याखाली, कागदावर, पाकिटाबाहेर एक दिवस राहू द्या.

पाकीट उघडायचं की बंदच ठेवायचं, यावर माणसं भांडतात. माझं म्हणणं असं: आपल्याकडच्या हवेत उघडा. बंद प्लास्टिकच्या वेष्टणात दमटपणा अडकला की आत काय चाललंय ते तुम्हाला दिसत नाही. ब्लेडने मागच्या कडेने कापलं तर कार्ड शाबूत राहतं, ते सपाट करून फाइलमध्ये ठेवा. विकायच्या हेतूने घेतलेली वस्तू मात्र बंदच राहू दे, पण ती वर्षातून दोनदा उजेडात धरून बघा.

टप्पा ६: धातू खरा का?

आधी लोहचुंबक. जस्ताच्या मिश्रणाला ते चिकटत नाही. स्क्रूच्या किंवा सांध्याच्या पिनेजवळ हलकी ओढ लागली तर चालेल. पण छाती-पोटाला घट्ट चिकटलं तर प्लास्टिकच्या आत लोखंडाचा तुकडा घालून वजन वाढवलंय असं समजा. हाताला गार लागणं ही खूण हिवाळ्यात उपयोगी आहे. मे महिन्यात सांगलीत तिच्यावर भिस्त ठेवू नका.

मग पाण्यातलं वजन. ही चाचणी फक्त स्थिर, पूर्ण धातूच्या म्हणून घेतलेल्या, रंग न उडालेल्या आणि दिवे नसलेल्या फिगरवर करा.

१. फिगर कोरडी असताना काट्यावर ठेवा. समजा २०० ग्रॅम भरली.
२. ग्लासात डिस्टिल्ड पाणी घ्या, ग्लास काट्यावर ठेवा, काटा शून्य करा.
३. फिगरला दोरा बांधा आणि ती पूर्ण पाण्यात बुडेल पण तळाला वा काचेला टेकणार नाही अशी हाताने लोंबती धरा. हात थरथरत असेल तर वर पट्टी आडवी ठेवून तिला दोरा बांधा.
४. अंगाला चिकटलेले बुडबुडे कुंचल्याने घालवा.
५. काट्यावरचा आकडा वाचा. समजा ३० ग्रॅम. फिगरने जेवढं पाणी बाजूला सारलं तेवढं हे वजन.
६. २०० भागिले ३०, उत्तर ६.६७. म्हणजे जस्ताचं मिश्रण, भरीव.

उत्तर १ ते दीडच्या दरम्यान आलं तर प्लास्टिक. दीड ते दोन आलं तर दगडाची पूड घातलेलं रेझिन, जे हातात जड लागतं आणि म्हणूनच फसवतं. ३ ते ५ आलं तर आत पोकळी आहे किंवा काही भाग प्लास्टिकचा आहे. लगेच खोटं म्हणू नका, जोड कुठे आहेत ते भिंगाने बघा. ७ च्या बऱ्याच वर गेलं तर शिशाचा संशय घ्या. ईगलमॉस कंपनीच्या जुन्या मार्वल फिगर शिशाच्या मिश्रणाच्याच आहेत आणि त्या मोठ्यांच्या संग्रहासाठी होत्या. त्या हाताळल्यावर हात धुवा आणि लहान मुलांच्या हाती देऊ नका.

चाचणी झाल्या झाल्या कापडाने टिपून पंख्याखाली ठेवा. नळाचं पाणी वापरलं तर क्षारांचे डाग पडतात.

नेहमीची चूक: फिगर ग्लासाच्या तळाला टेकवून आकडा वाचणे. मग काटा फिगरचंही वजन दाखवतो आणि खरी वस्तूसुद्धा खोटी ठरते.

टप्पा ७: नोंद आणि मांडणी

नोंद मांडणीच्या आधी. एक साधी एक्सेल शीट पुरते: नाव, मॉडेल क्रमांक, माप, ग्रॅममध्ये वजन, चाचणीचं उत्तर, किंमत, कुठून घेतली, बिलाचा फोटो. पुढून, मागून आणि तळव्याचा असे तीन फोटो काढा. त्याची प्रत गावाबाहेरच्या नातेवाइकाकडे किंवा ड्राइव्हवर असू दे.

मांडताना जड वस्तू खाली, हलक्या वर. फिगरच्या तळाशी रबराचे गोळे किंवा निळी चिकटमाती लावू नका, काही महिन्यांनी डाग उमटतात. पांढऱ्या फेल्टचा तुकडा पुरेसा आहे. रबरी केप दुसऱ्या फिगरच्या रंगाला टेकू देऊ नका. मऊ प्लास्टिकमधलं तेल बाहेर येतं आणि रंग चिकट होतो.

दिवे असलेल्या फिगरचे बटण-सेल काढून ठेवा. आत राहिलेला सेल गळला की संपर्काच्या पट्ट्या खातो. सांध्यात शिलाई मशीनचं तेल सोडू नका, त्याने प्लास्टिकला चिरा पडू शकतात. सांधा घट्ट असेल तर केसांच्या ड्रायरने कोमट करा आणि मग हळूच फिरवा.

टप्पा ८: साफसफाई

दिवाळीच्या साफसफाईत सगळ्यात जास्त फिगर बिघडतात. तांब्या-पितळेच्या भांड्यांची पावडर, चिंच, लिंबू हे सगळं आम्ल आहे आणि जस्ताला ते खातं. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर आणि हाताचं सॅनिटायझर रंग उतरवतात. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा, कारण प्रेमाने चमकवायला गेलेल्या हाताला कुणी अडवत नाही.

आठवड्याला कोरडा कुंचला, वरून खाली. गळीत हंगामात ऊसपट्ट्यात पाचट जळल्याची काजळी घरात येते, ती कापडाने पुसायला गेलात तर रेघोट्या ओढल्या जातात. काजळी आधी कुंचल्याने झटका. चिकट थर असेल तरच डिस्टिल्ड पाण्यात साबणाचा एक थेंब, बड ओला नव्हे तर दमट, मग साध्या डिस्टिल्ड पाण्याचा बड, मग कोरडा.

तपासा: बडवर फिगरचाच रंग उतरला तर तिथेच थांबा.

टप्पा ९: पावसाळा आणि पूर

मेच्या अखेरीस सिलिका जेल कपाटात जायला हवी. पाऊस सुरू झाल्यावर टाकली तर आतली दमट हवाच बंद होते. हायग्रोमीटर ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवायचा प्रयत्न करा. ५५ च्या वर जायला लागला की जेल बदला. नारिंगी जेल हिरवट झाली की भिजली. ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर तास-दोन तास ठेवली की पुन्हा कामाला येते. स्वयंपाकाची कढई त्यासाठी घेऊ नका.

पांढरी भुकटी दिसली तर ती फिगर वेगळी काढा, कोरड्या कुंचल्याने झाडा, आणि त्या फळीवरच्या बाकीच्या भिंगाने बघा. एकीवर आली याचा अर्थ कपाटाच्या हवेत काहीतरी चुकतंय.

सांगलीकरांसाठी वेगळं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. नदी ४० फुटांकडे सरकतेय अशी बातमी आली की फिगर भरायला घ्या, ४५ ची वाट बघू नका, कारण तेव्हा घरच्या माणसांची, कागदपत्रांची आणि जनावरांची धावपळ असते. झाकणाच्या प्लास्टिक डब्यांत, प्रत्येक फिगर सुती कापडात गुंडाळून. वर्तमानपत्राची शाई रंगाला लागते. डब्याचं वजन एका माणसाला जिना चढता येईल एवढंच ठेवा. धातू भरताना हा अंदाज हमखास चुकतो, म्हणून एप्रिलमध्येच एकदा डबे भरून, उचलून बघा.

पुराचं पाणी लागलंच तर: सेल लगेच काढा. गाळ ओला असतानाच स्वच्छ पाण्याच्या बारीक धारेखाली धुवा, वाळल्यावर घासला तर रंगावर चरे पडतात. नंतर डिस्टिल्ड पाण्याने खंगाळा. टिपून घ्या, सांधे मोकळे करून पंख्याखाली दोन-तीन दिवस ठेवा, उन्हात नाही. भिजलेली कार्डं आणि पुठ्ठे फोटो काढून टाकून द्या, बुरशी त्यांच्यापासूनच पसरते. पंधरा दिवस या फिगर कपाटाबाहेर राहू द्या आणि सांधे रोज भिंगाने बघा. पांढरं काही दिसलं नाही तरच त्या परत फळीवर ठेवा आणि शीटमध्ये त्या ओळीपुढे तारीख टाकून ‘पाणी लागलेली’ असं लिहा. पुढे विकताना ही नोंद घेणाऱ्याला दाखवा.